कडेवरची अक्षरे उलटी आहेत, म्हणून नाणे चुकीचे ठरते का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला लिहिले आहे. त्यांचे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला होते. तेथील एका सोव्हिएत अभियंत्याने मायदेशी परतताना त्यांना चांदीचे तीन जुने रुबल भेट दिले. ही नाणी १८९७, १८९८ आणि १८९९ सालांची असून तिन्हींवर झार निकोलस दुसरा याचा चेहरा आहे. वडिलांनी शेवटच्या आजारपणात नाण्यांची डबी मुलीच्या हातात दिली. धाकट्या भावाला या नाण्यांविषयी काही ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात एका नाणे-विक्रेत्याने ती पाहून सांगितले की तिन्ही नाणी टाकसाळीच्या चुकीची आहेत. पहिल्याच्या कडेवरची अक्षरे चेहऱ्याच्या मानाने उलटी आहेत. दुसऱ्याच्या कडेवर टाकसाळीच्या अधिकाऱ्याच्या आद्याक्षरांऐवजी नुसता एक तारा आहे. तिसऱ्याची कड पूर्ण गुळगुळीत असून त्याचे वजन १९.४ ग्रॅम भरले. हे तिसरे नाणे परदेशातून प्रमाणित करून आणल्यास लाखोंना जाईल, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. नाणी पाठवण्याच्या खर्चापोटी त्याने ४० हजार रुपये आगाऊ मागितले आहेत. शिक्षिका विचारतात: पैसे भरावेत का? आणि रक्कम खरोखर एवढी मोठी असेल तर भावाला आताच सांगावे, की विक्री झाल्यावर?

उत्तर

प्रिय ताई,

पत्रात आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि त्या दोहोंच्या मुळाशी एक गृहीतक आहे. ही नाणी चुकीची आहेत आणि चुकीची आहेत म्हणूनच मौल्यवान आहेत, हे आपण मान्य करून टाकले आहे. मला आधी त्या गृहीतकाजवळ थांबावेसे वाटते. टाकसाळीची चूक म्हणजे नाणे घडत असताना टाकसाळीत घडलेली गोष्ट. नाण्यावर आपल्याला अनोळखी असे काही दिसले म्हणून ती चूक ठरत नाही, आणि नाणे टाकसाळीतून बाहेर पडल्यानंतर त्याचे जे काही झाले तेही चूक ठरत नाही. आपल्या तीन नाण्यांपैकी दोन पहिल्या प्रकारच्या गैरसमजात बसतात. तिसरे बहुधा दुसऱ्या प्रकारात बसते, पण त्याची खात्री आपल्याला घरच्या घरी करून घेता येईल.

पहिल्या नाण्यापासून सुरुवात करतो. आपल्याकडच्या अनेकांनी व्हिक्टोरिया राणीचा किंवा पंचम जॉर्जचा रुपया हाताळलेला असतो. त्याच्या कडेवरच्या उभ्या रेघा नाण्यावर ठसा पडतानाच, भोवतीच्या कड्यामुळे उमटतात. त्यामुळे नाण्याचे दोन्ही चेहरे आणि कड एकाच क्षणी घडतात अशी आपली समजूत होते. निकोलसच्या रुबलाच्या बाबतीत तसे होत नसे. तेथे चांदीची कोरी चकती आधी कडेच्या यंत्रातून जाई. या यंत्रात दोन पट्ट्या असत, एक स्थिर आणि एक सरकणारी, आणि त्यांवर अक्षरे कोरलेली असत. चकती त्यांच्या मधून लाटण्यासारखी फिरत पुढे सरके आणि अक्षरे तिच्या कडेत खोल दाबली जात. अशा कडा उमटलेल्या चकत्या मग राशीने ठसे मारणाऱ्या यंत्राकडे जात. चकतीची कोणती बाजू वर आली, याकडे तेथे कोणी पाहत नसे, कारण कोऱ्या चकतीला अजून पुढची किंवा मागची बाजू नसते. म्हणून झारचा चेहरा वर ठेवून पाहिले तर काही रुबलांची कडेवरची अक्षरे सुलटी दिसतात आणि काहींची उलटी. दोन्ही प्रकार सर्रास आढळतात. आपल्या १८९७ च्या नाण्याची अक्षरे उलटी आहेत, यात टाकसाळीकडून काहीही चुकलेले नाही.

त्या अक्षरांत काय लिहिले आहे, हेही आपल्याला कळावे असे मला वाटते, कारण तिसऱ्या नाण्याचा विचार करताना त्याचा उपयोग होईल. कडेवरच्या ओळीचा अर्थ आहे, ‘शुद्ध चांदी ४ झोलोत्निक २१ दोल्या’. झोलोत्निक हे जुने रशियन वजन सुमारे ४.२७ ग्रॅमचे असे आणि त्याचे ९६ भाग म्हणजे दोल्या. हिशेब केला तर ही शुद्ध चांदी जवळजवळ १८ ग्रॅम भरते. नाण्यात दहा भागांपैकी नऊ भाग चांदी असल्याने पूर्ण नाण्याचे वजन सुमारे २० ग्रॅम होते. झार पहिल्या अलेक्झांडरच्या काळातल्या रुबलाच्या कडेवर चांदीचा कस आणि नाण्याचे एकूण वजन लिहिलेले असे. निकोलसच्या रुबलावर मात्र शुद्ध चांदीचे वजन लिहिले आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर तर कडेवर टाकसाळीचे पूर्ण नाव असे, पीटर्सबर्गच्या टाकसाळीचे किंवा मॉस्कोच्या. कड कोणी कापून किंवा घासून चांदी चोरू नये, एवढा कडेवरच्या लेखनाचा मूळ हेतू होता. पण रशियन नाण्यांच्या अभ्यासकाला त्यातून नाण्याचा जन्मदाखलाच मिळतो. रशियन भाषेत कडेला ‘गुर्त’ म्हणतात आणि जाणकार संग्राहक नाणे हातात आले की गुर्ताकडे आवर्जून पाहतो.

आता दुसरे नाणे. निकोलसच्या रुबलाच्या दोन्ही बाजूंवर टाकसाळीचे चिन्ह कुठेही नाही. ते सापडते फक्त कडेवर, वजनाच्या ओळीनंतर कंसात. पीटर्सबर्गच्या टाकसाळीत १८९८ साली पाडलेल्या रुबलावर त्या कंसात अपोलोन ग्रासगोफ या अधिकाऱ्याची रशियन आद्याक्षरे असतात. आपल्या नाण्यावर त्या जागी एक तारा आहे, कारण ते पीटर्सबर्गला पाडलेलेच नाही. ते पॅरिसच्या टाकसाळीत पाडले गेले. आपल्या १८९७ च्या नाण्यावर दोन तारे आहेत असे पत्रात लिहिले आहे, ते ब्रुसेल्सचे. त्या वर्षांत अर्थमंत्री सेर्गेई विट्टे रशियाचे चलन सुवर्णमानकावर, म्हणजे सोन्याशी बांधलेल्या मूल्यावर, नेत होते आणि कागदी चलनाची जागा घेण्यासाठी चांदीची नाणी प्रचंड संख्येने लागणार होती. पीटर्सबर्गमधल्या, पीटर आणि पॉलच्या किल्ल्यातल्या टाकसाळीला एवढे काम एकट्याने झेपणारे नव्हते, म्हणून १८९६ ते १८९९ या काळात रुबलांचा मोठा भाग पॅरिस आणि ब्रुसेल्स येथे पाडून घेतला गेला. ब्रुसेल्सचे १८९७ चे रुबलच सुमारे २ कोटी ६० लाख आहेत. पॅरिसचे १८९८ चे रुबल त्यापेक्षा पुष्कळ कमी, सुमारे ५० लाख आहेत. त्यामुळे एक तारा असलेल्या आपल्या नाण्याला संग्राहकांत थोडे अधिक मोल आहे. पण ते कमी पाडले गेल्यामुळे आहे. चुकीशी त्याचा संबंध नाही.

या पॅरिसच्या नाण्याची एक गोष्ट मात्र जरूर तपासावी. विक्रेत्याने ती पाहिली आहे असे पत्रावरून दिसत नाही. नाणे चेहरा सरळ ठेवून दोन बोटांत वरच्या-खालच्या कडांना धरावे आणि उभ्या अक्षाभोवती पुस्तकाचे पान उलटतो तसे फिरवावे. मागचा दुतोंडी गरुड सरळ दिसला तर नाणे नेहमीचे आहे. गरुड डोके खाली करून दिसला, तर दोन्ही बाजूंचे ठसे परस्परांच्या मानाने अर्ध्या फेऱ्याने फिरलेले आहेत. परदेशात पाडलेल्या रुबलांमध्ये अशी नाणी आढळली आहेत आणि त्यांची नोंद वेगळी होते. खुद्द फ्रान्सची त्या काळची नाणी गरुडाच्या या उलट्या स्थितीसारखीच, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट ठेवून पाडली जात, हे लक्षात घेतले तर अशी चूक कशी होऊ शकते याचा अंदाज येतो. ही खरोखर टाकसाळीतली चूक ठरेल, कारण ती ठसा बसवताना घडली असेल.

आता तिसऱ्या नाण्याकडे येतो. त्याच्याबद्दल मी अधिक सविस्तर लिहीत आहे, कारण ४० हजार रुपयांचा प्रश्न त्याच्यापाशीच आहे. गुळगुळीत कडेचे निकोलसचे रुबल खरोखर अस्तित्वात आहेत आणि नाण्यांच्या सूचींमध्ये त्यांची वेगळी नोंद केलेली असते. एखादी चकती कडेच्या यंत्रातून न जाता थेट ठसे मारणाऱ्या यंत्राखाली गेली की असे नाणे तयार होते. रशियन नाण्यांच्या जगात गुळगुळीत कडेभोवती एक वेगळे वलयही आहे. १८२५ च्या डिसेंबरात पीटर्सबर्गच्या टाकसाळीत पहिल्या अलेक्झांडरचा भाऊ कॉन्स्टंटाईन सम्राट होणार असे समजून त्याच्या नावाचे नमुन्याचे रुबल पाडले गेले. कॉन्स्टंटाईनने सिंहासन नाकारले आणि ती नाणी लपवून ठेवावी लागली. आज ज्ञात असलेल्या त्या मोजक्या नाण्यांपैकी पाचांच्या कडेवर अक्षरे आहेत आणि उरलेल्यांची कड गुळगुळीत आहे. कडेमधला हा फरक त्या नाण्यांच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा आहे. त्यामुळे ‘गुळगुळीत कड’ हे शब्द ऐकताच संग्राहकाचे मन हलते आणि विक्रेत्यालाही ते ठाऊक असते.

पण आपल्या नाण्याचे वजन १९.४ ग्रॅम आहे. टाकसाळीतच कड उमटायची राहिली असेल, तर चांदी कुठेच कमी झालेली नसते. असे नाणे आपल्या भावंडांइतकेच वजनदार असायला हवे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, आणि त्याचा व्यास सुमारे ३३.६५ मिलिमीटर असायला हवा. वापराने नाण्याचे वजन एक-दोन दशांश घटू शकते हे खरे. मात्र आपण लिहिता की झारच्या दाढीचे केस वेगवेगळे दिसतात. चेहऱ्यावरची चांदी शाबूत आहे, मग सहा दशांश ग्रॅम कुठून गेले? कडेवरून सगळीकडून पाव मिलिमीटरचा थर घासला गेला, तर साधारण अर्धा ते पाऊण ग्रॅम चांदी जाते आणि कडेवरची अक्षरेही त्याबरोबर पुसट होतात किंवा नाहीशी होतात. आपल्याकडचा आकडा या शक्यतेशी जुळतो आणि टाकसाळीतल्या चुकीशी जुळत नाही.

त्यामुळे व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटरचे बारीक भाग मोजणारे साधन, घेऊन नाण्याचा व्यास चार दिशांनी मोजावा. गावातल्या कोणत्याही लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडे ते असते. व्यास ३३.१ किंवा ३३.२ च्या आसपास आला, तर कड घासलेली आहे याविषयी फारशी शंका उरत नाही. चारही मापे एकमेकांशी जुळली नाहीत, तर हाताने घासल्याची ती स्पष्ट खूण समजावी. दहा पट मोठे दाखवणारे भिंग मिळाले तर चेहऱ्याभोवतीच्या दाण्यांच्या वर्तुळाकडे पाहावे. टाकसाळीच्या नाण्यात दाणे आणि बाहेरची कड यांतले अंतर सगळीकडे सारखे असते. घासलेल्या नाण्यात ते अंतर अरुंद झालेले दिसते आणि कडेच्या पृष्ठभागावर बारीक समांतर ओरखडे दिसतात. शेवटी, नाणे चांदीचे तरी आहे का हे पाहण्यासाठी पाण्याची चाचणी करावी. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे बारीक दोऱ्याने पेल्यात असे सोडावे की ते बुडेल पण तळाला व भिंतीला टेकणार नाही. २० ग्रॅमच्या अस्सल रुबलाने काट्यावर सुमारे १.९४ ग्रॅम वाढ दिसते, १९.४ ग्रॅमच्या नाण्याने ती १.८८ च्या जवळ असायला हवी. आकडा २.२ च्या पुढे गेला, तर नाणे पितळासारख्या हलक्या धातूवर मुलामा दिलेले आहे असे समजावे. निकोलसच्या रुबलाच्या नकला पुष्कळ आहेत, म्हणून ही चाचणी पहिल्या दोन नाण्यांवरही करावी.

कड घासलेली निघाली, तर कोणाच्या तरी फसवणुकीचा हा पुरावा आहे असे लगेच मानू नये. एखाद्या काळी नाणे गळ्यातल्या दागिन्यात बसवले जाते, आणि नंतर चौकट काढताना कड साफ केली जाते. नाण्यांचे दागिने करण्याची रीत जगभर आहे. ज्या माणसाने आपल्या वडिलांना ते दिले त्याच्या हातातही ते असेच आले असेल. भिलाईत त्याने ज्या मायेने ते नाणे दिले, ती माया कडेच्या मापाने कमी होत नाही. बाजारात मात्र ते नाणे साध्या रुबलापेक्षा स्वस्त जाईल, हे मी आपल्यापासून लपवणार नाही.

आता ४० हजारांविषयी. हे पैसे देऊ नयेत, असे मी स्पष्टपणे लिहितो. त्याची दोन कारणे आहेत आणि पहिल्याचा आपण अंदाज बांधला असेल: तपासणीत काय निघणार हे आपण घरीच मोठ्या प्रमाणात ठरवू शकता. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपली तिन्ही नाणी शंभर वर्षांहून जुनी आहेत. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नाणे रशियाचे आहे, भारताचे नाही, ही सबब चालण्याची शक्यता मानून कुरिअरने ते बाहेर जाऊ देऊ नये. मालक म्हणून आपले नाव पुढे येऊ शकते. हे वाचणाऱ्या इतरांनीही, ज्यांच्याकडे घरातून आलेली जुनी विदेशी नाणी आहेत त्यांनी, परदेशी प्रमाणपत्राचे आमिष दाखवणाऱ्याला आधी एकच प्रश्न विचारावा: निर्यातीची परवानगी कोण मिळवणार आहे आणि तिचा कागद मला कधी दिसेल? आपल्या विक्रेत्याने या नाण्याच्या ‘चुकी’चे स्वरूप लेखी द्यावे, नाण्याच्या कडेबद्दल, वजनाबद्दल आणि व्यासाबद्दल, अशीही मागणी करावी. जो जाणकार आहे त्याला हे लिहून देण्यात अडचण नसते. देशातच दुसरे मत हवे असेल तर नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राचे संशोधन केंद्र आहे. त्याचे मुख्य काम भारतीय नाण्यांवर आहे, पण मोजमाप आणि धातू तपासण्याची पद्धत नाण्याच्या देशानुसार बदलत नाही, त्यामुळे कोणाकडे जावे हे तरी तेथे विचारता येईल.

मधल्या काळात नाणी स्वच्छ करू नयेत. चिंच, लिंबू, रांगोळी किंवा चांदी चकाकवणारी भुकटी यांपैकी काहीही लावू नये. चांदीवरचा तो करडा थर जसाच्या तसा असणे हाच नाणे छेडले गेले नसल्याचा पुरावा असतो. तो गेला की कडेचे ओरखडे नवे की जुने हेही सांगता येत नाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाणी दीर्घकाळ राहिली तर त्यांवर हिरवट चिकट थर येतो, म्हणून कागदी पाकीट वापरावे. नाणे फक्त कडेला धरून हाताळावे, आणि प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे व कडेचे सहा-आठ तुकड्यांत फोटो काढून तारखेसह जपून ठेवावेत.

उरला भावाचा प्रश्न. कायद्याच्या दृष्टीने, वडिलांनी जिवंतपणी स्वेच्छेने वस्तू आपल्या हातात दिली असेल तर ती भेट पूर्ण झालेली असते, आणि ती मिळकतीच्या वाटणीत येत नाही. पण आपण मला कायदा विचारला आहे असे मला वाटत नाही. आपल्या पत्रातला मला सर्वांत बोचलेला शब्द ‘विक्री झाल्यावर’ हा होता. त्यामागे असा समज दिसतो की सांगण्याची वेळ नाण्याच्या किमतीवर ठरते: किंमत मोठी असेल तर सांगावे लागेल, लहान असेल तर कदाचित नाही. भावाला मात्र नंतर कळेल तेव्हा तो किंमत विचारणार नाही. तो विचारेल, इतके दिवस मला का सांगितले नाहीस. आज किंमत निश्चित नाही, म्हणूनच आज सांगणे सोपे आहे. आपण काही मिळवून बसला आहात असा अर्थ आज कोणाला काढता येणार नाही. बाबांनी डबी कशी दिली, तेव्हा काय म्हणाले, हे सारे त्याला सांगावे. त्याला एखादे नाणे आठवण म्हणून हवे असेल, तर माझ्या मते पॅरिसचे १८९८ चे नाणे त्याला द्यावे. तिघांत ते सर्वांत निश्चित मोलाचे आहे आणि ते देण्याचा आपला हेतू त्याला आपोआप समजेल. अर्थात हा निर्णय आपलाच आहे, आणि तिन्ही नाणी आपल्याकडेच ठेवली तरी आपण काही चूक करत नाही.

पाण्याची चाचणी एकट्याने करणे अवघड जाते, कारण एकाने दोरा स्थिर धरायचा असतो आणि दुसऱ्याने काट्यावरचा आकडा वाचून लिहायचा असतो. त्या दिवशी भावाला बोलावून घ्यावे. तीन नाण्यांची मापे मिळाली की ती मला कळवावीत, विशेषतः तिसऱ्याच्या व्यासाचे चारही आकडे.